अवघड घाट : इब्ने बतूता यांच्या प्रवासातील दोन कैदी

सातारच्या माणसाला घाट म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. खंबाटकी असो, पसरणी असो की कुंभार्ली, चढण लागली की बैलाची मान खाली जाते, गाडीचा आवाज बदलतो आणि चालणाऱ्याला धाप लागते. पवित्र कुरआनच्या अल-बलद या सूरहमध्ये अल्लाहने सत्कर्माच्या वाटेला अशाच अवघड घाटाची उपमा दिली आहे. माणूस तो घाट चढायला धजत नाही, असे तेथे सांगितले आहे आणि घाट कोणता, याचा खुलासाही तेथेच केला आहे. बंधनात पडलेल्याची मान सोडवणे आणि भुकेच्या दिवशी नात्यातल्या अनाथाला किंवा धुळीत पडलेल्या गरिबाला जेवू घालणे, हा तो घाट. त्यापुढे श्रद्धा बाळगणाऱ्यांचा आणि एकमेकांना सबुरीचा व दयेचा उपदेश करणाऱ्यांचा उल्लेख येतो.

या दोन कर्मांच्या संदर्भात एका जगप्रसिद्ध प्रवाशाचे जीवन वाचकांपुढे ठेवावे, असा विचार बरेच दिवस मनात होता. इब्ने बतूता (रह.) यांचे नाव आपल्या घरांतील मुले शालेय पुस्तकात वाचतात. किती देश पाहिले, किती कोस चालले, एवढेच बहुधा त्यांच्या लक्षात राहते. परंतु या प्रवाशाच्या वाटेवर लढाया होत्या, दुष्काळ होता, साथ होती. आणि त्या सर्वांमध्ये रोजचे जीवन जगणारी साधी माणसे होती. त्या माणसांशी त्यांचा संबंध कसा आला आणि ते स्वतः त्यांच्याशी कसे वागले, हा भाग अधिक बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतील तंजा या बंदराच्या शहरी झाला. घराणे काझींचे, मजहब मालिकी. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजच्या इराद्याने ते एकटेच घराबाहेर पडले. आईवडील हयात होते. त्यांचा निरोप घेताना दोन्हीकडे दुःख झाले. ट्युनिस शहरात काफिला पोहोचला, तेव्हा गावकरी पुढे येऊन प्रत्येक ओळखीच्या प्रवाशाला सलाम करू लागले. या तरुणाला मात्र कोणी ओळखत नव्हते. कोणीच सलाम केला नाही, म्हणून त्यांना रडू कोसळले. एका हाजीच्या ते ध्यानात आले आणि तो जवळ येऊन प्रेमाने बोलत राहिला. पुढे राजदरबारांत वावरलेल्या या माणसाने उतारवयातही तो साधा सलाम विसरला नाही. आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली.

इजिप्तमध्ये अबू अब्दुल्लाह अल-मुर्शिदी या वली पुरुषाची त्यांनी भेट घेतली. त्या बुजुर्गांनी त्यांना सांगितले की, हिंदुस्थानात तुला माझा भाऊ दिलशाद भेटेल आणि एका संकटातून तुझी सुटका करील. तरुण प्रवाशाने हे ऐकून घेतले आणि तो पुढे निघाला. हज झाला, परंतु प्रवास थांबला नाही. इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, आशिया मायनर आणि मध्य आशिया असा फेरा करत १३३३ साली ते सिंधू नदी ओलांडून हिंदुस्थानात आले. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. त्याने त्यांना काझीपद दिले. येथील भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून दोन सहायक नेमून दिले.

त्या काळात दिल्लीच्या मुलखावर भीषण दुष्काळ पडला. मरून काही महिने झालेल्या घोड्याचे कातडे कापून खाणाऱ्या स्त्रिया त्यांनी स्वतः पाहिल्या. कातडी शिजवून बाजारात विकली जात होती. सुलतान कुतुबुद्दीन मुबारक यांच्या मकबऱ्याची व्यवस्था तेव्हा इब्ने बतूता यांच्याकडे होती. तेथील लंगरात रोज पीठ व मांस रांधले जाई. भुकेलेल्यांची संख्या वाढली, तसे त्यांनी रांधण्याचे प्रमाणही वाढवले. आसपासच्या गावांतून उपाशी माणसे त्या दाराशी येत आणि जेवून जात. अल-बलदच्या घाटाचा एक टप्पा, भुकेच्या दिवशी अन्न देण्याचा, हा काझी अशा रीतीने चढून गेला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

१३४२ साली सुलतानाने त्यांना चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. मौल्यवान भेटी, शंभर घोडे, गुलाम आणि सैनिक असा मोठा लवाजमा बरोबर होता. कोल, म्हणजे आजचे अलीगढ, येथे पोहोचताच जवळच्या जलाली गावाला हिंदू बंडखोरांनी वेढा घातल्याची खबर आली. वकिलातीचे सैनिक मदतीला धावले. लढाईत दोन्हीकडची माणसे पडली. भेटींची राखण करणारा अधिकारी काफूरही मारला गेला. पुढे काही दिवस चकमकी चालूच राहिल्या. अशाच एका पाठलागात इब्ने बतूता साथीदारांपासून तुटले, दहा घोडेस्वार त्यांच्या मागे लागले, आणि त्यांच्यापासून निसटतात तोच धनुष्ये घेतलेल्या चाळीस माणसांनी त्यांना घेरले. अंगावरच्या कपड्यांखेरीज सर्व काही काढून घेण्यात आले. दिल्लीचा काझी आणि बादशहाचा वकील एका क्षणात कैदी झाला.

येथून पुढचे त्यांचे कथन बारकाईने वाचण्यासारखे आहे. एका पाणवठ्याजवळच्या तळावर त्यांना नेले गेले. कैद्याला ठार करायचे ठरत असतानाही त्या लोकांनी त्याला कडधान्याची भाकरी आणि पाणी दिले. नंतर एक म्हातारा, त्याचा मुलगा आणि आणखी एक इसम अशा तिघांच्या ताब्यात त्यांना देण्यात आले. या तिघांनी आपल्याला मारायचे आहे, हे त्यांना इशाऱ्यांवरून कळले. रात्री त्या तिसऱ्या माणसाला ताप भरला आणि तो थंडीने कुडकुडू लागला. सकाळी इब्ने बतूता यांनी म्हाताऱ्याला विनवले. म्हाताऱ्याचे मन द्रवले. साथीदारांनी त्याला दोष देऊ नये म्हणून कैद्याने आपल्या सदऱ्याच्या बाह्या कापून त्याला दिल्या. दुपारी तीन तरुण तेथे आले. त्यांतल्या एका देखण्या तरुणाने कैद्याला सुटायचे आहे का, असे विचारले. त्यांनी अंगातला अंगरखा उतरवून त्याला दिला. त्या तरुणाने आपले जुने वस्त्र त्यांच्या अंगावर घातले आणि वाट दाखवली. ज्या लोकांशी लढाई चालू होती, त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने आणि एका तरुणाने त्यांची मान सोडवली.

त्यानंतरचे काही दिवस ते त्या ओसाड झालेल्या मुलखात लपतछपत भटकत राहिले. लढाईने उठून गेलेली गावे, पडक्या घरांत रिकाम्या झालेल्या धान्याच्या कोठ्या, मोहरीची शेते, बोरांची झाडे. मोहरीचा पाला आणि बोरे हेच अन्न. एका रात्री ते धान्याच्या कोठीतल्या पेंढ्यात झोपले. वर एक पक्षी रात्रभर पंख फडफडवत राहिला. एकाच छताखाली दोन भेदरलेले जीव होते. एका विहिरीवर दोर होता, पण पोहरा नव्हता. डोक्याचे कापड दोराला बांधून त्यांनी पाणी चोखले. तहान भागेना म्हणून पायातला जोडा बांधून सोडला, तर दोर तुटून जोडा विहिरीत पडला. मग दुसरा जोडा बांधून पाणी काढले आणि तो कापून, दोरीने व चिंध्यांनी पायांना गुंडाळू लागले. तेवढ्यात एक काळासावळा माणूस हातात काठी व पाण्याचे भांडे घेऊन समोर उभा राहिला आणि त्याने सलाम केला. त्याने भाजलेले हरभरे व भात दिला. दोघांनी वुजू करून नमाज पढली. इब्ने बतूता यांचे पाय मात्र चालेनात. तेव्हा त्या माणसाने त्यांना खांद्यावर घेतले आणि अल्लाह आपल्याला पुरेसा आहे या अर्थाचा जिक्र करत राहण्यास सांगितले. जिक्र करता करता त्यांना गुंगी आली. जाग आली तेव्हा ते ताजपुरा नावाच्या गावात होते आणि त्यांना खांद्यावरून आणणारा नाहीसा झाला होता. आपले नाव त्याने आनंदी हृदयाचा असे सांगितले होते. फारसीत त्याचाच अर्थ दिलशाद. इजिप्तच्या बुजुर्गांचे सांगणे त्यांना तेव्हा आठवले.

त्या हिंदू वस्तीच्या गावाचा मुस्लिम अंमलदार त्यांना घरी घेऊन गेला. गरम जेवण आणि आंघोळीचे पाणी दिले. अंगावर घालायला त्याने जे वस्त्र काढले, ते एका मिसरी अरबाने त्याच्याकडे ठेवलेले होते. इब्ने बतूता यांनी निरखून पाहिले, तर कोलमध्ये असताना त्यांनीच त्या अरबाला दिलेले ते वस्त्र होते. दिलेले दान गरजेच्या घडीला असे परत येते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

वकिलात पुढे निघाली आणि दौलताबादमार्गे आपल्या मराठी मुलखात आली. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात मात्र त्यांचे पाऊल पडले नाही. दौलताबादेहून ते उत्तरेकडे नंदुरबारला वळले. पाच वर्षांनी, १३४७ साली, त्याच दौलताबादेत दिल्लीची सत्ता झुगारून बहमनी राज्य स्थापन होणार होते. देवगिरीचा किल्ला, त्यातली खोल अंधारकोठडी, तिथले मांजरांनाही न जुमानणारे उंदीर, हे सारे त्यांनी लिहिले आहे. पण तेवढेच नाही. तेथील द्राक्षे व डाळिंबे, जवाहिऱ्यांची पेढी, गायक-गायिकांच्या बाजारातही रमजानमध्ये तरावीह होणाऱ्या मशिदी, यांचीही नोंद त्यांनी ठेवली. नंदुरबारच्या मराठी लोकांविषयी ते लिहितात की, हे लोक हस्तकलेत कुशल आहेत, वैद्यक व ज्योतिष जाणतात, भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जेवणाआधी कटाक्षाने अंग धुतात, प्राण्यांना पीडा देणे टाळतात आणि मद्यपान हा मोठा दोष समजतात. थोड्याच काळापूर्वी हिंदू बंडखोरांच्या हातून मरता मरता वाचलेला हा माणूस होता. कटुतेने लिहायला त्याच्याकडे कारण होते. तरीही त्याने लोकांचे गुण गुण म्हणूनच लिहिले. एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही कुरआनची शिकवण या पानांत पाळलेली दिसते. मिरजेत तंबोरे व सतारी घडवणाऱ्या कारागिरांचे हात पाहताना सातशे वर्षांपूर्वीची ती कारागिरीची नोंद मला आठवते.

त्यापुढे कोकण व कानडी किनाऱ्याने ते हिनवर, म्हणजे आजच्या होन्नावरला आले. तेथे मुलांच्या २३ आणि मुलींच्या १३ शाळा त्यांनी मोजल्या, आणि तेथील स्त्रियांना कुरआन मुखोद्गत असल्याचे पाहून त्यांना नवल वाटले; असे त्यांनी दुसरीकडे कोठे पाहिले नव्हते. पुढे कालिकतला समुद्री वादळ झाले. जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबल्यामुळे त्यांचा जीव वाचला, पण भेटींचे जहाज फुटले आणि वकिलातच संपली. हाती दहा दिनार आणि एक बिछायत तेवढे राहिले. सुलतानाच्या रागाच्या भीतीने दिल्लीला परतण्याचे धाडस त्यांना झाले नाही. ते होन्नावरच्या सुलतान जमालुद्दीन यांच्या आश्रयाला गेले.

जमालुद्दीन तेव्हा ५२ जहाजे सज्ज करून संदापूरवर, म्हणजे आजच्या गोव्याच्या भागावर, चाल करण्याच्या तयारीत होते. आपल्या सांगली-मिरजेहून तो मुलूख एका रात्रीच्या प्रवासावर आहे. संदापूरच्या राजाचे व त्याच्या मुलाचे भांडण होते आणि मुलाने होन्नावरला संधान बांधले होते. इब्ने बतूता या मोहिमेत सामील झाले, ढाल-तलवार घेऊन पाण्यात उतरले, आणि शहर पडले. लुटीतून व कैद्यांतून त्यांनाही वाटा मिळाला. त्यांच्या वाट्याला एक स्त्री आली. तिचे नाव लेमकी. त्यांनी तिचे नाव मुबारका ठेवले. तिचा नवरा खंडणी देऊन तिला सोडवून न्यायला आला. इब्ने बतूता यांनी नकार दिला.

ग्रंथात हे मोजक्याच शब्दांत आले आहे. त्यात पश्चात्ताप नाही आणि बढाईही नाही. त्या काळच्या युद्धनीतीने त्यांना हा अधिकार दिला होता, यात शंका नाही. परंतु ते काझी होते. हुनैनच्या युद्धानंतर हवाजिन टोळीची माणसे आपल्या बायकामुलांसाठी आली, तेव्हा आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सुमारे सहा हजार कैदी परत केले होते, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. जलालीच्या रानात एका अंगरख्याच्या बदल्यात त्यांची स्वतःची मान सुटली, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्या वेळी विनवणी ऐकणारा म्हातारा त्यांना भेटला. संदापूरच्या त्या नवऱ्याला मात्र तसा कोणी भेटला नाही. घाटाचा दुसरा टप्पा, मान सोडवण्याचा, त्यांच्या अगदी दाराशी आला होता. आणि तेथे त्यांचे पाय थांबले.

पुढे संदापूरच्या मूळ राजाने येऊन शहराला वेढा घातला. जिंकलेले शहर असे संकटात असताना इब्ने बतूता तेथून निघून गेले, हेही त्यांनीच लिहिले आहे. नंतर मालदीवमधील काझीपद, श्रीलंका, बंगाल, पूर्वेकडील बेटे आणि चीन असा प्रवास करून ते परतीला लागले. १३४८ साली महामारीच्या काळात ते सीरियात होते. दमास्कसच्या लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले. मग मुसलमान कुरआन हाती घेऊन, यहुदी तौरात घेऊन आणि ख्रिस्ती इंजील घेऊन, लहानथोर सारे अनवाणी रडत दुआ करत निघाले, हे दृश्य त्यांनी लिहून ठेवले. त्याच शहरात त्यांना कळले की वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. १३४९ साली ते मायदेशी पोहोचण्याच्या थोडेच आधी आईलाही महामारीने नेले. ज्या आईचा निरोप घेऊन ते निघाले होते, तिची फक्त कबर त्यांना भेटली. स्पेन व मालीचे प्रवास आटोपल्यावर मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेने त्यांनी आपली हकीकत इब्ने जुजय यांना सांगितली. १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. त्यानंतर काही वर्षे काझी म्हणून काम करून १३६८-६९ च्या सुमारास त्यांनी इहलोक सोडला.

मकतबमध्ये मी ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलीने मला विचारले की त्या नवऱ्याचे पुढे काय झाले. ग्रंथात त्याचे नावसुद्धा नाही, एवढेच मी सांगू शकलो. पण त्या स्त्रीचे मूळ नाव तिथे आहे. नवे नाव दिल्यावरही इब्ने बतूता यांनी जुने नाव पुसले नाही. ज्याने स्वतःची चूक झाकली नाही त्याची साक्ष खरी मानावी लागते, आणि याच खरेपणामुळे आज आपण त्यांच्या जीवनातून केवळ त्यांचे गुणच नव्हे, तर त्यांचे अडखळणेही शिकू शकतो. बुजुर्गांचा आदर म्हणजे त्यांच्या चुकीला सत्कर्म म्हणणे नव्हे.

वाचक बंधू-भगिनींनो, अन्नदानाचा टप्पा आपल्या समाजाला अनोळखी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा चुली पेटल्या, मशिदींची दारे उघडली आणि ताटावर बसणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. अल्लाह ते कबूल करो. पण दुसऱ्या टप्प्याचे काय? आज कोणाच्या घरी कैदी नाही. तरी उचल फेडता फेडता थकलेला ऊसतोड मजूर आहे, हातउसने घेतलेल्या पैशापायी तोंड चुकवणारा नातेवाईक आहे, वडिलोपार्जित जमिनीतला वाटा मागायला आलेली बहीण आहे. गावात तणाव झाला की दुसऱ्या बाजूचा एखादा निरपराध माणूस आपल्या एका खऱ्या शब्दाची वाट पाहत असतो. यांतल्या प्रत्येकाची मान आपल्या हातात असते. आपण दुबळे असताना दयेची अपेक्षा करणे सोपे आहे. हात वरचढ झाल्यावर दाराशी आलेल्याला रिकामे न पाठवणे, हीच खरी चढण आहे. अशा वेळी जलालीचा म्हातारा व्हायचे की संदापूरचा विजेता, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

अल्लाह इब्ने बतूता यांच्या चुका माफ करो, त्यांनी भुकेलेल्यांना घातलेला घास कबूल करो आणि आम्हा सर्वांना घाटाचे दोन्ही टप्पे चढण्याचे बळ देवो. आमीन.